श्रीमंत देशातला गरीब: नक्की कुणाला म्हणायचं?

कोरी_पाटी:
मंडळी, एक शंका आहे, जरा समजावून सांगा. परवा मेहुण्याबरोबर बसलो होतो, बातम्यांत ब्रिटनमधल्या गरीब मुलांबद्दल काहीतरी चाललं होतं आणि तो एकदम उसळलाच. म्हणे ज्याच्या घरात फ्रीज आहे, टीव्ही आहे, हातात स्मार्टफोन आहे, पोरांची शाळा फुकट, दवाखाना फुकट, वरून सरकार खात्यात पैसे टाकतं, त्याला गरीब म्हणायचं तर जगातल्या खऱ्या गरिबाला काय म्हणायचं? मला तेव्हा काही उत्तर सुचलं नाही. पण ते डोक्यातून जाईना म्हणून रात्री वाचत बसलो आणि गोंधळ आणखीनच वाढला.

म्हणजे बघा, जागतिक बँकेची रेषा आहे माणशी दिवसाला ३ डॉलर (२०२५ पासून, त्याआधी २.१५ होती), तीही त्या त्या देशातल्या खरेदीशक्तीप्रमाणे जुळवून घेतलेली. त्या पट्टीने मोजलं तर श्रीमंत देशात गरीब जवळजवळ शिल्लकच राहत नाहीत. ब्रिटन आणि युरोपवाले मात्र म्हणतात की देशातल्या सगळ्यांना उत्पन्नाप्रमाणे रांगेत उभं करा, बरोब्बर मधल्याचं उत्पन्न घ्या, त्याच्या ६० टक्क्यांखाली जो असेल तो गरीब (युरोपवाले 'गरिबीचा धोका' असा जपून शब्द वापरतात). ओईसीडी (बहुतेक श्रीमंत देशांची संघटना) तेच ५० टक्क्यांवर मोजते. अमेरिकेचं गणित तिसरंच. आता एकच माणूस एका हिशोबाने गरीब आणि दुसऱ्या हिशोबाने खाऊनपिऊन सुखी, हे काय प्रकरण आहे?

सरळ विचारतो, गरीब म्हणजे उपाशी असलेला की शेजाऱ्यापेक्षा मागे पडलेला? राजकारण नको प्लीज, तो धागा वेगळा आहे.

रोखठोक:
मेहुण्याला माझा नमस्कार सांगा, माणूस बरोबर बोलतोय.

ते ६० टक्क्यांचं प्रकरण गरिबी मोजतच नाही, विषमता मोजतं. लक्झेंबर्गमध्ये ज्याला 'गरिबीच्या धोक्यात' म्हणतात त्याचं उत्पन्न बल्गेरियातल्या मधल्या माणसापेक्षा जास्त भरेल, महागाईचा फरक वजा करून सुद्धा. म्हणजे हा माणूस विमानात बसून तीन तासांत सुखवस्तू होतो का? उद्या सगळ्यांचं उत्पन्न दुप्पट झालं तरी गरीब तेवढेच राहतात कारण रेषाही दुप्पट वर सरकते.

उदाहरण देतो. १९९० च्या दशकात आयर्लंडची अर्थव्यवस्था सुसाट सुटली, बेकारी धडाधड खाली आली, तळातल्या लोकांच्या हातातही आधीपेक्षा जास्त पैसा खेळायला लागला. आणि सापेक्ष गरिबीचा, म्हणजे मधल्याच्या तुलनेत मोजलेल्या गरिबीचा आकडा? वाढला! कारण मधला माणूस आणखी जोरात पुढे गेला. याच्या उलट ब्रिटनमध्ये २०१०-११ साली झालं, मंदीमुळे मधल्याचंच उत्पन्न घसरलं, रेषा खाली आली आणि कागदावर सुमारे ३ लाख मुलं गरिबीतून 'बाहेर पडली', त्यांच्या घरात एक दमडी जास्त न येता. आता सांगा, ज्या मोजमापात भरभराटीत गरिबी वाढते आणि मंदीत कमी होते त्यावर धोरणं कशी ठरवायची?

उपाशी, बेघर, औषधाविना राहिलेला, तो गरीब. बाकीच्याला 'कमी उत्पन्नाचा' म्हणा, माझी काही हरकत नाही. शब्द स्वस्त केला की खऱ्या माणसाकडे लक्ष जात नाही.

आकडेमोड:
रोखठोक, आयर्लंडचं उदाहरण बिनतोड आहे, पण एक गफलत दुरुस्त करतो, कारण ती प्रत्येक वेळी होते. मधल्या माणसाच्या उत्पन्नावर रेषा ठरते, सरासरीवर नाही. त्यामुळे वरच्या दहा लोकांनी आणखी दहा पट कमावलं तरी रेषा तसूभर हलत नाही. आणि मधल्याच्या ६० टक्क्यांखाली एकही माणूस नाही अशी स्थिती गणिताने अगदी शक्य आहे, म्हणजे 'गरीब कायम राहणारच' हे खरं नाही. चेक प्रजासत्ताक हा युरोपातला काही सगळ्यात श्रीमंत देश नव्हे, तरी तिथे हे प्रमाण युरोपात सगळ्यात कमी असलेल्यांत येतं. तेव्हा 'ही नुसती विषमता' म्हणून झटकता येणार नाही, तळातला माणूस मधल्यापासून किती लांब पडलाय ते ती मोजते, वरच्याशी तिला घेणंदेणं नाही.

आता कोरी_पाटींनी अमेरिकेचं विचारलंय त्याबद्दल, कारण ती गोष्ट मला फार आवडते. तिथली रेषा मॉली ऑर्शान्स्की नावाच्या बाईंनी काढली, सोशल सिक्युरिटी खात्यात नोकरीला होत्या, स्वतः गरीब स्थलांतरित घरात वाढलेल्या. १९५५ च्या एका सरकारी पाहणीत दिसलं होतं की तीन किंवा जास्त माणसांचं कुटुंब करानंतरच्या उत्पन्नाचा साधारण एक तृतीयांश भाग खाण्यावर घालवतं. बाईंनी काय केलं, कृषी खात्याचा सगळ्यात काटकसरीचा जो आहार-आराखडा होता, जो मुळात तात्पुरत्या अडचणीच्या काळापुरता म्हणून केलेला, त्याचा खर्च घेतला आणि ३ ने गुणलं. झाली रेषा. १९६५ मध्ये त्यांचा लेख आला, त्याच वर्षी सरकारने वापरायला घेतली, १९६९ ला अधिकृत झाली. आणि तेव्हापासून आजपर्यंत त्या आकड्याला फक्त महागाईची वाढ लावत आलेत!

यात गंमत अशी की आज अमेरिकन कुटुंब खाण्यावर एक तृतीयांशपेक्षा बरंच कमी खर्च करतं, आणि घरभाडं, पाळणाघर, आरोग्यविमा हे सगळं अंगावर आलंय. म्हणजे आज तेच गणित पहिल्यापासून मांडलं तर गुणक ३ च्या कितीतरी वर जाईल. वरून २०२५ ची सरकारी मार्गदर्शक रेषा चौघांच्या कुटुंबाला वर्षाला ३२,१५० डॉलर आणि ती अलास्का आणि हवाई सोडून बाकी ४८ राज्यांत एकच. न्यूयॉर्कलाही तीच आणि मिसिसिपीच्या खेड्यातही तीच. भाडं कुठे एक आहे?

बाईंना स्वतःला हे माहीत होतं बरं का. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की किती पुरे हे ठामपणे सांगता येत नसेल, तरी सरासरीने किती अपुरं एवढं तरी खात्रीने सांगता आलं पाहिजे. तळाची पट्टी होती ती, लोकांनी छताची करून टाकली.

निशिगंध:
मी इंग्लंडमध्ये राहते आणि काही वर्षं आठवड्यातून एकदा एका फूडबँकेत (गरजूंना फुकट किराणा देतात तिथे) पॅकिंगच्या कामाला जाते, म्हणून लिहावंसं वाटलं. आकडे मला कळत नाहीत फारसे.

पहिले पहिले मी पण हेच बघायचे, की हातात फोन आहे आणि खाणं मागायला आलेत. मग कळलं की इथे सरकारी मदतीचं खातंच ऑनलाइन असतं, त्यात निरोप येतात, भेटीची वेळ येते, नोकरी शोधल्याचा हिशोब तिथेच लिहायचा, आणि निरोप चुकला तर पैसे कापले जाऊ शकतात. मग फोन चैन आहे की काय आहे तुम्हीच ठरवा. शिवाय जुना फोन, जुना टीव्ही कुणीही देतं हो. या वस्तू स्वस्त झाल्यात. भाडं कुणी जुनं म्हणून देत नाही.

दुसरं म्हणजे विजेचं. बऱ्याच घरांत आधी पैसे भरायचे मीटर असतात, कार्ड किंवा किल्लीवर पैसे टाकायचे, ते संपले की थोडी उधारी मिळते आणि ती पण संपली की वीज बंद. कुणी तोडायला येत नाही, आपोआपच बंद होते, त्यामुळे अमुक घरात काल रात्री अंधार होता हे कुठल्या यादीतही येत नाही. माझ्या समोर एक आजोबा आले होते, त्यांनी हळूच विचारलं की शिजवावं लागणार नाही असं काही देता येईल का. तशी वेगळी पाकिटंच असतात आमच्याकडे, नुसत्या उकळत्या पाण्यात होणारी आणि काही तर थंडच खाता येणारी. तर त्या आजोबांच्या घरी फ्रीज असणारच ना, पाहणीला कुणी आलं तर 'फ्रीज आहे' वर टिक होणार. चालू आहे का ते कोण विचारतंय?

आणि कौन्सिलचं, म्हणजे स्थानिक पालिकेचं कमी भाड्याचं घर मिळालं म्हणजे सुटलो असं वाटतं ना, बऱ्याचदा जमिनीवर काही नसतंच, आधीचा कार्पेट उखडून काढलेला, नुसतं सिमेंट किंवा फळ्या. थंडीत त्यावर रांगणारं मूल. ही बाई उपाशी नाहीये, बेघर नाहीये, म्हणजे रोखठोकांच्या यादीत बसत नाही. मग ती कोण?

मी भावनिक होऊन लिहितेय असं वाटेल, असू दे.

रोखठोक:
निशिगंधताई, भावनिक वगैरे काही नाही, उलट धाग्यात पहिल्यांदा कुणीतरी प्रत्यक्ष बघितलेलं लिहिलं. फोनचा मुद्दा मान्य, मागे घेतो. ते सिमेंटवर रांगणारं मूल माझ्याही यादीत गरीबच आहे, उगाच मला खलनायक करू नका :)

पण बघा, तुम्ही जे सांगितलं ते सगळं 'काय मिळत नाहीये' या प्रकारचं आहे. वीज नाही, ऊब नाही. 'मधल्यापेक्षा किती टक्के कमी' हे कुठे आलं त्यात? माझा झगडा टक्क्यांशी आहे, त्या आजोबांशी नाही.

दुसरं म्हणजे नुसतं उत्पन्न बघून फसायला होतं. कॉलेजात शिकणारा पोरगा, उत्पन्न जवळपास शून्य. निवृत्त जोडपं, उत्पन्न कमी पण घर स्वतःचं, कर्ज फिटलेलं. यांचा खर्च बघा, राहणी बघा, गरीब दिसत नाहीत. ब्रूस मायर आणि जेम्स सलिव्हन हे दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ म्हणूनच म्हणतात की उत्पन्न सोडा, लोक प्रत्यक्षात काय वापरतात ते मोजा, आणि तसं मोजलं तर १९८० नंतर अमेरिकेतली गरिबी अधिकृत आकडा सांगतो त्यापेक्षा खूपच जास्त घटलीये. शिवाय पाहणीत लोक सरकारी मदत कमी सांगतात, मुद्दाम नाही, विसरतात, लाजतात, कुटुंबात दुसऱ्याच्या नावावर येते. सरकारी नोंदींशी जुळवून बघितलं की 'अत्यंत गरीब' म्हणून दाखवलेल्यांतले बरेच जण तसे निघत नाहीत.

म्हणून म्हणतो, मोजायचं तर वस्तू मोजा आणि चालू आहेत का तेही मोजा, ताईंनी सांगितलं तसं.

चष्मिष:
बराच वेळ नुसता वाचत होतो. 'जगायला पुरेसं' ही गोष्ट कुठेतरी निसर्गाने ठरवून दिलीये असं सगळे धरून चाललेत म्हणून लिहितोय.

१७७६ साली ॲडम स्मिथ लिहून गेलाय, म्हणजे ज्याला बाजारवाले आपला आद्यपुरुष मानतात तोच, की लिननचा सदरा ही काही जगण्याची गरज नाही, ग्रीक-रोमन लोक लिननशिवाय मजेत राहिले. पण आज युरोपच्या बऱ्याच भागात साधा रोजंदारीवाला सुद्धा लिननच्या सदऱ्याशिवाय चारचौघांत जायला लाजेल, म्हणून तो सदरा गरजेतच धरायचा. चामड्याच्या बुटाचंही तेच. इंग्लंडमध्ये बाईपुरुष दोघांनाही बूट हवेत, स्कॉटलंडमध्ये गरीब बाई अनवाणी चालली तर कुणी नावं ठेवत नाही, फ्रान्समध्ये तर पुरुषालाही बुटांची सक्ती नाही. एकाच काळात, शेजारशेजारच्या देशांत, एकच वस्तू इथे गरज आणि तिथे नाही.

आणि दुसरा किस्सा तर आणखी भारी आहे. सीबोम राउंट्री, चॉकलेटच्या कारखानदाराचा मुलगा, त्याने १८९९ मध्ये इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात घरोघर पाहणी केली आणि गरिबीची इतकी कंजूष रेषा आखली की कुणाला बोट ठेवायला जागाच राहू नये. त्या पैशात काय बसत नव्हतं ते त्यानेच लिहून ठेवलंय. रेल्वे किंवा बसचं तिकीट नाही, वर्तमानपत्र नाही, बाहेरगावच्या मुलांना पत्र नाही कारण तिकिटाला पैसे नाहीत, पोरांना खेळणं नाही, बापाला तंबाखू नाही. आणि कमावता माणूस एक दिवससुद्धा कामावर गैरहजर राहिलेला चालणार नाही. त्याला दाखवायचं हे होतं की इतकं आवळून धरलं तरी शहरात एवढे लोक याच्याही खाली आहेत.

तोच राउंट्री १९३६ ला परत यॉर्कमध्ये पाहणी करतो तेव्हा यादीत वर्तमानपत्र घालतो, रेडिओ घालतो, मुलांना भेटवस्तू, सुट्टीचा थोडा खर्च. माणूस तोच, शहर तेच, ३७ वर्षांत रेडिओ गरज झाला. राउंट्री काय मऊ पडला होता म्हणायचं?

रोखठोक, तुमच्या यादीत 'औषध' आहे. शंभर वर्षांपूर्वी ज्या रोगांना औषधच नव्हतं त्यांचं औषध आज न मिळणं तुम्ही गरिबी धरता ना? मग तुमची पट्टीही हललेलीच आहे की.

रोखठोक:
हलते, पण तिला मान मोडेपर्यंत पळवू नका एवढंच म्हणणं. चष्मिष, राउंट्रीचा मुद्दा आवडला, हे मात्र खरं.

बर्फाळ:
इथे कॅनडात या भांडणातून एक मधली वाट काढलीये, ती कुणी लिहिली नाही म्हणून लिहितो. बरीच वर्षं देशाला अधिकृत गरिबीची रेषाच नव्हती, दोन-तीन वेगवेगळे आकडे फिरायचे आणि प्रत्येक पक्ष आपल्या सोयीचा उचलायचा. २०१८ मध्ये ठरवलं की 'टोपली' धरायची, म्हणजे चौघांच्या कुटुंबाला साधं, नीटनेटकं जगायला काय लागतं त्याची यादी, अन्न, कपडे, घर, प्रवास आणि बाकी किरकोळ गरजा, आणि तिची किंमत त्या त्या शहरात किंवा त्या त्या आकाराच्या गावात काय पडते ते बघायचं. दुसऱ्या वर्षी कायद्यातच घातलं.

फायदा असा की आकडेमोड म्हणतात ती न्यूयॉर्क-मिसिसिपीची अडचण येत नाही, आणि रोखठोक म्हणतात तसं शेजारी श्रीमंत झाला म्हणून तुम्ही गरीब होत नाही. पण टोपलीत काय घालायचं हे कुणीतरी टेबलाशी बसून ठरवतंच आणि दर काही वर्षांनी परत उघडावं लागतं. मागच्या खेपेला फोन आणि इंटरनेटवरून खल झाला होता. तर फिरून गाडी तिथेच येते, शेजारी काय वापरतो ते बघितल्याशिवाय टोपली भरताच येत नाही. फक्त दर वर्षी आपोआप हलण्याऐवजी ती अधूनमधून ठरवून हलवतात. माझ्या मते फरक एवढाच आहे, पण हा 'एवढाच' फरक कामाचा आहे, कारण यादीवर लोक भांडू शकतात आणि ६० टक्क्यांवर कुणी भांडूच शकत नाही. ६० का? ५५ का नाही? त्याला उत्तर नाहीये कुणाकडे.

कोरी_पाटी:
बाप रे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार, मी दोनदा वाचलं. आता मला असं वाटायला लागलंय की माझा प्रश्नच जरा चुकला, 'उपाशी की मागे पडलेला' असं दोनच कप्पे करून विचारलं. निशिगंधताईंची सिमेंटवाली बाई दोन्हींत नीट बसत नाही.

पण एक राहिलंच, मेहुण्याचा मुख्य मुद्दा, सरकार पैसे देतं ना? ते धरल्यावरही गरीब कसे?

आकडेमोड:
हे चांगलं विचारलंत, कारण अमेरिकेच्या अधिकृत आकड्यात ते पैसे बऱ्याच अंशी धरतच नाहीत! फक्त करपूर्व रोख उत्पन्न मोजतात. अन्नासाठी मिळणारी कार्डावरची मदत, घरभाड्याची मदत, करातून मिळणारा परतावा, सगळं बाहेर. म्हणून २०११ पासून जनगणना खातं दुसरा एक पूरक आकडा काढतं, त्यात हे सगळं धरतात आणि उलट बाजूला कर, पाळणाघर, दवाखान्याचा स्वतःच्या खिशातला खर्च वजा करतात.

आता मजा बघा. २०२१ मध्ये करोनाच्या काळात मुलं असलेल्या कुटुंबांना करसवलतीतून जास्तीचे पैसे दिले, बरेचसे दर महिन्याला थेट खात्यात. पूरक हिशोबाने बालगरिबी ५.२ टक्क्यांवर आली, त्यांच्या नोंदीतली सगळ्यात कमी. वर्ष संपलं, योजना वाढवली नाही, बाकीची करोनाकाळातली मदतही आटली, २०२२ ला तोच आकडा १२.४ टक्के. एका वर्षात दुपटीच्या वर. आणि अधिकृत आकडा? २०२१ ला १५.३, २०२२ ला १५.०. म्हणजे लाखो घरांत पैसे आले आणि गेले, आणि देशाच्या अधिकृत पट्टीला त्याचा पत्ताच नाही, उलट किंचित सुधारणा दिसली!

तेव्हा मेहुण्यांना सांगा की मदत धरली की गरिबी कमी होते हे त्यांचं अगदी बरोबर, फक्त मग 'वरून सरकार पैसे देतं' हे तक्रारीच्या सुरात का म्हणायचं ते कळत नाही. पैसे दिले म्हणून कमी झाली ना.

दूरदेशी:
मदतीवरून आठवलं, अमेरिकेत अपंग आणि वयस्कर गरिबांसाठी एसएसआय नावाची योजना आहे. तिची अट अशी की एकट्या माणसाकडे २,००० डॉलरपेक्षा जास्त शिल्लक असता कामा नये, राहतं घर आणि एक गाडी सोडून. हा आकडा १९८९ पासून हललेला नाही, महागाई कुठल्या कुठे गेली तरी. म्हणजे बिचाऱ्याने काटकसर करून २,१०० जमवले की मदत थांबते. परवाच एका ओळखीच्या बाईंनी सांगितलं की महिनाअखेरीला त्या मुद्दाम काहीतरी खरेदी करून टाकतात, शिल्लक वर जाऊ नये म्हणून. आणि मग आपण म्हणतो की बघा गरीब असून घरात टीव्ही कसा नवा!

माझ्या मते श्रीमंत देशातली गरिबी ओळखायची खूण हीच, एक अनपेक्षित खर्च. गाडी बंद पडली, दात दुखायला लागला. ज्याला तो पेलतो त्याच्यासाठी तो वाईट आठवडा असतो आणि ज्याला नाही पेलत त्याची नोकरी जाते, कारण गाडीशिवाय कामावर जायचं कसं, बस तर नाहीच तिकडे. पगाराच्या आकड्यात हे दिसत नाही. त्यात बँकेचं वेगळंच, खात्यात कमी पडले की दंड, म्हणजे पैसे नसण्याचेही पैसे.

निशिगंध:
+१. अगदी.

अवांतर, युरोपवाले टक्क्यांच्या जोडीला एक तेरा गोष्टींची यादी पण विचारतात ती मला जास्त पटते. घर पुरेसं उबदार ठेवता येतं का, एक दिवसाआड मांस, मासे किंवा त्या तोडीचं शाकाहारी जेवण, अचानक खर्च आला तर, थकलेली बिलं, गाडी, वर्षातून आठवडाभर घराबाहेर सुट्टी, मोडकं फर्निचर बदलणं, झिजलेले कपडे बदलणं, पायात बसतील असे दोन जोड बूट, इंटरनेट, आठवड्याला स्वतःसाठी थोडे पैसे, नियमित काही छंद-करमणूक, आणि महिन्यातून एकदा मित्र किंवा घरच्यांबरोबर खाणंपिणं. सात किंवा जास्त गोष्टी परवडत नसतील तर गंभीर वंचित.

यात मला आवडतं ते असं की 'नाही' म्हटलं की पुढे विचारतात, नको म्हणून नाही की परवडत नाही म्हणून? नको असेल तर मोजत नाहीत. टीव्ही यादीत नाहीच बघा.

रोखठोक:
आठवडाभर सुट्टी???

निशिगंध:
माहीत होतं कुणीतरी तिथेच अडकणार :) एक गोष्ट नसली तर काही होत नाही हो, सात म्हटलंय.

रोखठोक:
सात वाचलं. ठीक आहे, ही यादी ६० टक्क्यांपेक्षा शंभर पटीने बरी. सुट्टी काढा, सही करतो.

कोरी_पाटी:
अपडेट देतो. ताईंची यादी मेहुण्याला पाठवली आणि लिहिलं की तुझ्या मते यातलं जे गरज नाही ते खोड, जे राहील त्यावर आपण गरीब ठरवू. त्याने लगेच सुट्टी खोडली, छंद खोडला, मित्रांबरोबर खाणंपिणं खोडलं, फर्निचर खोडलं. गाडीवर प्रश्नचिन्ह टाकलं, कुठे राहतो त्यावर अवलंबून म्हणे. इंटरनेट खोडलं आणि अर्ध्या तासाने परत मेसेज, 'इंटरनेट राहू दे, पोरांचा अभ्यास असतो त्यावर.' आता रात्री अकराला आलेला ताजा मेसेज असा की दोन जोड बूट कशाला, एक बास, आणि त्याच्या खाली बहिणीने त्याच्याच फोनवरून लिहिलंय की आमच्या दाराशी यांचेच सहा आहेत.